भिंतीवरचं अर्धं लिंबू

ऑक्टोबरच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की आमच्याकडे खोल्यांतून हालचाल टिपणारे सेन्सर बसवून दोन वर्षं झाली. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की गुडघेदुखीवरच्या अख्ख्या लेखालाही आली नव्हती. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, चार पत्रं घेतली आहेत.

हे सदर पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी सांगते. मी पेशाने नर्स. ३१ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची काही मेट्रन म्हणून. निवृत्तीनंतर नाशिकला मखमलाबाद रस्त्यावरचं २२ खोल्यांचं एक वृद्धनिवास सांभाळते. यंत्रातलं जे काही कळतं ते भाच्याने शिकवलेलं. तो अंबडला एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. आमच्या आजी-आजोबांची नावं छापायची नाहीत म्हणून त्यांच्याबद्दल खोलीच्या नंबराने लिहिते. (मावशींनी त्यांना नंबराने हाक मारलेली मला खपत नाही, पण इथे दुसरा इलाज नाही.)

ताई, माझी आई ८१ वर्षांची आहे. गंगापूर रोडला एका वृद्धनिवासात तिला दीड वर्ष झालं. मी पुण्याला असते, महिन्यातून एकदा येते. तिथून पत्र आलंय की पुढच्या महिन्यापासून प्रत्येक खोलीत मोशन सेन्सर बसवणार आणि त्याचे दरमहा बाराशे रुपये जास्त घेणार. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मी काय चोर आहे का, माझ्यावर पहारा कशाला?" तो कॅमेराच असतो का? आणि आई पडली तर लगेच कळेल ना, तेवढं सांगा.
– एक मुलगी, कोथरूड

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाराशे रुपये त्याच आशेवर मागितले जातात. आई पडली तर लगेच कळेल का? या सेन्सरने कळेलच असं नाही.

आमच्या ११ नंबरच्या आजोबांचं ऐका. मागच्या वर्षी जानेवारीत, पहाटे चारच्या सुमारास कॉटवरून उतरताना गोधडीत पाय अडकला आणि ते कॉट आणि भिंत यांच्या मधल्या फटीत पडले. मनगट मोडलं. उठता येईना, आवाज फुटेना, पण माणूस पूर्ण शुद्धीवर. कुणाला तरी दिसेल म्हणून एक पाय हलवत राहिले. सेन्सरला तो पाय चांगला दिसत होता! त्याच्या हिशेबी खोलीत हालचाल चालू होती, म्हणजे सगळं आलबेल. पावणेसहाला मावशी चहा घेऊन गेली तेव्हा उलगडा झाला. पावणेदोन तास, थंड फरशीवर.

आम्हा नर्सना पडण्याइतकीच धास्ती पडून राहण्याची असते. म्हातारं माणूस तासाभराहून जास्त एकाच कुशीवर दबून राहिलं की स्नायूंच्या पेशी फुटायला लागतात, त्यातून सुटलेला माल मूत्रपिंडावर येतो, कातडी सोलवटते, अंग गार पडतं. आजोबा त्यातून निभावले. मी मात्र तेव्हापासून माहितीपत्रकावर 'पडल्यास तत्काळ सूचना' असं दिसलं की विक्रेत्याला म्हणते, चल, गादी टाकते, तू पडून दाखव.

आता ती वस्तू काय आहे ते. कॅमेरा नाही. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा पांढरा डबा, आणि त्यावर अर्धं लिंबू पालथं ठेवावं तसा दुधी घुमट. कोणत्याही उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघत असतात. माणसाच्या अंगातून निघणाऱ्यांचा जोर ९ ते १० मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास असतो. घुमटाच्या आत हे किरण ओळखणारे दोन छोटे तुकडे शेजारी शेजारी बसवलेले असतात. घुमट नीट पाहिलात तर त्यावर खाचा दिसतील. ती भिंगं आहेत, आणि ती खोलीच्या कलिंगडासारख्या फोडी करतात. ऊब एका फोडीतून दुसरीत सरकली की दोन तुकड्यांमध्ये फरक पडतो आणि डबा म्हणतो, हललं. त्याचं ज्ञान इथेच संपतं. चेहरा, कपडे, आवाज यातलं काही त्याला कळत नाही. कोण हललं हेसुद्धा कळत नाही. तुमची आई आणि झाडू मारणारी मावशी त्याला सारख्याच. त्यामुळे आई दुसऱ्या बाईंबरोबर एका खोलीत राहत असेल तर ते बाराशे सरळ नाकारा. आणि आई खुर्चीत शांतपणे पोथी वाचत बसली, तर त्याच्या लेखी खोली रिकामी.

मग आम्ही दोन वर्षं ते भिंतीवर ठेवलेत कशाला? ७ नंबरच्या आजींमुळे.

त्या रात्री एकदा उठतात, तीनच्या सुमारास, आणि मग साडेपाचला पूजेसाठी. घड्याळ लावावं इतकं ठरलेलं. बाथरूमच्या वाटेवरचा डबा रोज तेच नोंदवत होता, तीन आणि साडेपाच, तीन आणि साडेपाच. एका आठवड्यात रात्रीचं उठणं चार वेळा झालं, मग पाच, मग सहा. दिवसा आजी हसतखेळत होत्या, तापही नव्हता. मावशी म्हणाली, संकष्टीला साबुदाणा जास्त झाला असेल. चौथ्या दिवशी आजींनी मावशीला स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली, आणि मी लघवी तपासायला पाठवली. जंतुसंसर्ग होता. म्हातारपणी यात ताप येतोच असं नाही, जळजळ होतेच असं नाही. कधीकधी माणूस नुसतं भ्रमिष्टासारखं करायला लागतं आणि घरचे म्हणतात, वय झालं. आकडे वाढले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी ते नीट पाहिले असते तर आजींचे दोन दिवस वाचले असते. डब्याने त्याचं काम केलं होतं, कागद माझ्या टेबलावर पडून होता.

तेव्हा व्यवस्थापनाला सेन्सर कुठला, हे विचारू नका. हे आकडे रोज सकाळी कोण वाचतं, त्या माणसाचा हुद्दा काय, आणि तो रजेवर असला तर कोण वाचतं, हे विचारा. दुसरं, रात्री घंटा वाजली तर कोण उठतं. आम्ही सुरुवातीला मोजलं होतं. घंटा वाजल्यापासून दाराशी पाऊल पोचेपर्यंत ११ मिनिटं! कारण काय, तर रात्रपाळीच्या मावशीचा फोन खाली स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि मावशी वरच्या मजल्यावर. आता फोन पट्ट्याने गळ्यात असतो आणि चार्जर मजल्यावर. तुम्ही पुढच्या वेळी आलात की एक रात्र आईजवळ राहा. अडीचला उठून बाथरूममध्ये जा आणि बाहेर येऊ नका. कोण येतं, किती वेळाने येतं ते घड्याळात बघा. राहू देत नाहीत म्हणाले तर तेही उत्तरच.

बाथरूममध्ये ओढायची दोरी आहे का तेही बघा. बहुतेक ठिकाणी असते, पण छान गुंडाळून खांद्याच्या उंचीवर बांधून ठेवलेली, फरशी पुसताना मध्ये येते म्हणून. पडलेल्या माणसाचा हात खांद्याच्या उंचीवर कसा जाईल? दोरीचं टोक फरशीच्या वीतभर वर लोंबत असलं पाहिजे. याला बाराशे रुपये लागत नाहीत.

राहिली आई. चोराचं म्हणाल्या त्यात चूक काय? तुम्ही फोनवर 'बसवणार आहेत' म्हणालात. रविवारी या. व्यवस्थापनाकडून एक डबा मागून घ्या आणि तो आईच्या हातात द्या. टेबलावर ठेवून त्यांना समोरून चालायला सांगा, बारीक दिवा लुकलुकतो तो दाखवा, मग पुतळ्यासारखं उभं राहायला सांगा, तो विझतो तेही दाखवा. आमच्या ३ नंबरच्या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी डबा अर्धा तास खेळवला आणि मग म्हणाल्या, कॉटकडे तोंड नको, दाराकडे चालेल. तसाच लावला. एवढं करूनही आई नको म्हणाल्या तर खोलीत नको. बाथरूमच्या दाराला चुंबकाची चकती लावतात, ती दार उघडलं की बंद एवढंच सांगते. आत गेल्या आणि ४० मिनिटांत दार उघडलं नाही तर घंटा. कित्येकांना ती डब्यापेक्षा पटते.

मावशी, माझे वडील ७८ वर्षांचे, जेल रोडला आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. सरकारी प्रेसमधून (छापखान्यातून) निवृत्त. आई गेल्यावर माझ्याकडे या म्हटलं तर ऐकत नाहीत. मी इंदिरानगरला. ऑनलाइन दोन मोशन सेन्सर मागवले आणि एक हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये लावला. दुपारी चार ते सहा मोबाइल सारखा वाजतो, पप्पा तर तेव्हा बागेत गेलेले असतात. आणि रात्री दहानंतर एकदम शांत, सकाळपर्यंत एकही नोंद नाही. सेन्सर खराब निघाले का? आता रडारवाले निघालेत, ते घेऊ का?
– नाशिक रोडचा मुलगा

सेन्सर खराब नाहीत. खिडकी पश्चिमेला आहे का? पडदा आहे का, आणि पप्पा बागेत जाताना पंखा चालू ठेवून जातात का? तिन्हींचं उत्तर हो असेल तर चारनंतर उन्हाने तापलेला पडदा पंख्याच्या वाऱ्यावर हलतो आणि डब्याला वाटतं कुणीतरी ऊबदार माणूस येरझाऱ्या घालतंय. डबा खिडकीच्या समोरच्या भिंतीवरून काढून खिडकीच्याच भिंतीवर लावा, म्हणजे खिडकीकडे त्याची पाठ होईल. उंची साडेसहा-सात फूट. देवघरातली समई, फ्रिजची मागची बाजू, गिझरची वाफ यांच्याकडे तोंड नको. बंद काचेपलीकडचं कबूतर त्याला दिसत नाही, कारण हे किरण काचेतून आरपार जात नाहीत. उघड्या खिडकीच्या कठड्यावर बसलेलं मात्र दिसतं.

डबा बेडरूमच्या दारासमोर लावू नका, दाराच्या बाजूच्या भिंतीवर लावा. माणूस सरळ त्याच्या दिशेने चालत आला तर त्याला उशिरा कळतं, आडवा गेला तर लगेच. कलिंगडाच्या फोडी ओलांडल्या जातात ना, म्हणून. आणि आत्ता थंडीत सगळं झकास चालेल, एप्रिल-मेमध्ये तक्रार घेऊन येऊ नका म्हणून आधीच सांगते. भिंत ३६-३७ अंशांवर गेली की भिंत आणि माणूस यांत त्याला फरक करता येत नाही, आणि तो अर्धवट आंधळा होतो. आमच्याकडे वरच्या मजल्यावरच्या पत्र्याखालच्या दोन खोल्यांत मे महिन्यात दुपारच्या नोंदी आम्ही धरतच नाही.

रात्रीच्या शांततेचं कारण बहुधा वेगळं आहे. पप्पांना विचारा, झोपताना राउटर बंद करतात का. प्रेसमध्ये पाळ्या केलेली ही पिढी जाताना सगळी बटणं बंद करून मगच दिवा मालवते. माझे सासरेही तसेच होते, फ्रिज तेवढा सुटायचा. राउटर बंद म्हणजे डब्याला काही दिसलं तरी सांगायला रस्ता नाही, आणि तुमच्या मोबाइलवर 'हालचाल नाही' असंच दिसणार. पप्पा गाढ झोपलेत, पप्पा पडलेत, सेल संपलाय, लाइट गेलीय, राउटर बंद आहे, या पाचही गोष्टी तुमच्या पडद्यावर एकसारख्या दिसतात. म्हणून अॅपमध्ये सेन्सरची स्वतःचीच हजेरी लागते का ते बघा. चांगल्या यंत्रणेतला डबा कुणी हललं नाही तरी ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' असा निरोप पाठवत राहतो, आणि तो थांबला की वेगळी सूचना येते. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप घ्या, एम. जी. रोडवर मिळेल. बटणावर चिकटपट्टी लावू नका, पप्पांना समजावून सांगा. चिकटपट्टी ते दुसऱ्या दिवशी काढतील.

विजेवर चालणारा डबा असेल तर आणखी एक. लाइट जाऊन आली की पहिलं मिनिटभर तो स्वतःला जुळवून घेतो आणि त्या वेळात उगाच हललं-हललं करतो. त्याने घाबरू नका.

मोबाइल प्रत्येक हालचालीला वाजायलाच कशाला हवा? सगळ्या सूचना बंद करा आणि दोनच ठेवा. पप्पा अजून पहिल्या पाळीच्या वेळेला उठत असतील, पाचला म्हणा. सातपर्यंत स्वयंपाकघराच्या वाटेवर काही हललं नाही तर एक सूचना. बाथरूममध्ये गेले आणि अर्ध्या तासात बाहेर आले नाहीत तर दुसरी. त्यासाठी हॉलमधला डबा काढून बाथरूमच्या वाटेवर न्या. आधी तीन आठवडे नुसतं बघा, त्यांचा दिवस कसा जातो ते कळू दे, मग वेळा ठरवा. आणि शेजाऱ्यांकडे एक किल्ली ठेवा. इंदिरानगरहून जेल रोडला पोचेपर्यंत तुमचा अर्धा तास जाईल. समोरच्या काकू चपला घालून अर्ध्या मिनिटात पोचतील.

रडारचं विचारलंत. ते २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी स्वतः सोडतात आणि परत आलेल्या टिपतात. स्थिर बसलेल्या माणसाच्या छातीची श्वासाबरोबरची हालचालही त्यांना कळते, उन्हाळ्याचा त्रास नाही, आणि काही जातींत माणूस उभा आहे की जमिनीवर आहे तेही ओळखतात. ११ नंबरच्या खोलीत आम्ही आता तेच लावलंय. पण छताचा पंखा त्यांना माणूस वाटू शकतो, आणि पातळ पार्टिशनपलीकडचा शेजारीही दिसतो. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात तो १२ नंबरच्या आजोबांची हजेरी लावत होता. घ्यायचा तर बाथरूमसाठी घ्या, तिथे पंखा नसतो. आणि लावल्यावर स्वतः फरशीवर आडवे पडून बघा.

मॅडम, शहराबाहेर आमचं ३० जणांचं वृद्धनिवास आहे. रात्रपाळीला तीन केअरटेकर असतात. सगळीकडे सेन्सर बसवले तर एका केअरटेकरवर भागेल का? पगार वाचून सेन्सरचा खर्च दीड वर्षात निघतो.
– एक चालक

नाही भागणार.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पासष्टी ओलांडलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के माणसं वर्षातून एकदा तरी पडतात. तुमच्या तीस जणांत म्हणजे आठ-दहा. सेन्सर त्यातल्या एकालाही उचलणार नाही, आणि एकटी मावशी सत्तर किलोच्या माणसाला एकट्याने उचलायला गेली तर सकाळी दोघांना घेऊन अस्थितज्ज्ञाकडे जावं लागेल. शिवाय सेन्सर आले की रात्रीचं काम वाढतं. पूर्वी जे कळतच नव्हतं ते आता कळतं, आणि कळलं की जावं लागतं. आमच्याकडे डबे बसले त्या महिन्यात मी एक मावशी वाढवली.

वाचतं ते एवढंच, की दर दोन तासांनी प्रत्येक दार उघडून टॉर्च मारायची गरज राहत नाही, आणि आजी-आजोबांची झोप मोडत नाही. तुमच्या हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नसेल.

स.न.वि.वि. मी ८४ वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक. पत्नीच्या निधनानंतर एका वृद्धनिवासात राहतो, तक्रार करण्यासारखे काही नव्हते. दोन महिन्यांपूर्वी मी दवाखान्यात गेलो असता माझ्या खोलीत सेन्सर लावला गेला. मला कोणी विचारले नाही. मुलाची सही घेतली म्हणे. गेल्या आठवड्यात नाश्त्याच्या टेबलावर सर्वांदेखत मदतनीस मुलगी म्हणाली, "आजोबा, रात्री चार वेळा उठलात, उसळ जास्त झाली काय?" सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून मी त्या डब्यावर माझी लोकरी कानटोपी अडकवून ठेवतो. व्यवस्थापक म्हणतात, असे करणे नियमात बसत नाही. माझे चुकते आहे काय?
– एक रहिवासी

सर, तुमचं चुकत नाही. तुमचं पत्र मी आमच्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मग मला माझंच एक सांगावं लागलं.

सेन्सर बसवल्यावर पहिल्या महिन्यात मी जिन्याजवळ पांढरा फळा लावला होता. खोली नंबर, रात्री किती वेळा उठले, किती वाजता. वॉर्डात तापाचा तक्ता कॉटच्या पायाशी लटकलेला असतो, तीच सवय. मला त्यात वावगं काही दिसलंच नाही. दहाएक दिवसांनी ९ नंबरच्या आजी, ज्या कधी मोठ्याने बोलत नाहीत, ओल्या फडक्याने त्यांची ओळ पुसत होत्या. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, "जावईबापू यायचेत." फळा त्याच दुपारी उतरवला. आता आकडे माझ्याकडे आणि रात्रपाळीच्या सिस्टरकडे असतात, कुणाला सांगायचे तर खोलीत जाऊन, दार लोटून. त्या मदतनीस मुलीला बोलू नका, तिला कुणी शिकवलंच नसेल. मलाही ३१ वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

मुलाच्या सहीचं. तुम्ही स्वतः पत्र लिहिताय, शुद्धलेखनाची एक चूक नाही, मग तुमच्या खोलीबद्दल सही तुमची हवी. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. तो खटला लढवणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी निकाल लागला तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते, तेव्हा वयाचं कारण तुम्हाला कुणी देऊ नये. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही म्हणतो की संमती मोकळेपणाने, नेमक्या कामासाठी, माहिती घेऊन दिलेली असावी आणि ती मागे घेता यावी. व्यवस्थापकांना दोन ओळींचं पत्र द्या: डबा काय नोंदवतो, नोंदी कोण पाहतं, किती दिवस ठेवतात, मुलाच्या मोबाइलवर जातात का. उत्तर लेखी मागा, मुख्याध्यापकांना हे मी काय शिकवणार. टाळाटाळ झाली तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ.

तुम्हाला डबा मुळीच नको असेल तर नको. पण 'मला चालेल, मात्र आकडा फक्त मला आणि डॉक्टरांना' असंही म्हणता येतं. कारण, सर, ते चार वेळा.

ती मुलगी चुकीच्या जागी बोलली, पण आकडा खरा असेल तर उसळीवर ढकलू नका. आधीपासून चार वेळा होतं की वाढलंय, ते तुम्हालाच ठाऊक. तुमच्या वयात प्रोस्टेट ग्रंथी बहुधा वाढलेली असते, साखर असू शकते, जंतुसंसर्ग असू शकतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल आणि ती संध्याकाळी घेत असाल तर सकाळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. मनाने बदलू नका. रात्री उठताना आधी कॉटच्या कडेला बसा, पाय खाली सोडून, दोन मिनिटं. मग कशाला तरी धरून उभे राहा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा जास्त अंकांनी उतरणं हे म्हातारपणी सर्रास आढळतं, आणि रात्री बाथरूमच्या वाटेवर माणसं पडतात ती पुष्कळदा त्याने. सिस्टरना सांगून एकदा झोपून आणि एकदा उभं राहून बीपी मोजून घ्या. डबा यातलं काहीच करत नाही.

टोपीविषयी. लोकरीतून त्या घुमटाला काही दिसत नाही, त्यामुळे तुमचा उपाय अगदी पक्का आहे. पण या आठवड्यात पहाटे आमच्या अंगणातल्या थर्मामीटरवर ९ अंश होते. लेखी उत्तर येईपर्यंत डब्यावर जुना मोजा चढवा, आणि कानटोपी तुम्ही घाला.